येते म्हणून गेलेली

थोरली बुरशीचा अभ्यास करायला परदेशात गेली, आणि तिथे तिला दाखवलेल्या पहिल्याच खोलीत भिंतभर तिचाच विषय पसरलेला निघाला. घरमालक म्हणाला, "तो रंगाचा डाग आहे." थोरलीने जवळ जाऊन पाहिलं. काळी बुरशी, जुनी, चांगली रुजलेली, खिडकीपासून थेट छतापर्यंत पोचलेली. तरी ती म्हणाली, "चालेल." तेव्हा घरमालकाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. आधी वेणीकडे, मग कपाळावरच्या टिकलीकडे, मग कोटाखालून डोकावणाऱ्या साडीच्या काठाकडे. आणि त्याला एकदम आठवलं, की ही खोली आपण कालच दुसऱ्या कुणाला तरी दिली आहे.

त्या दिवशी ती रस्त्यात एकटीच हसली होती. एवढी बुरशी, आणि तीसुद्धा आपल्या नशिबी नाही! पहिलीच खोली होती म्हणून हसू आलं. चौदाव्या खोलीपर्यंत ते पार आटलं.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. घरी पत्र पोचायला बारा दिवस लागत आणि उत्तर यायला आणखी बारा, तेव्हाची. खोली शोधायची तर विद्यापीठाच्या तळमजल्यावर एक खिडकी होती. खिडकीमागे एक बाई बसे, तिच्यापुढे बुटांच्या खोक्याएवढा लाकडी डबा, आणि डब्यात घरमालकांची कार्डं. सकाळी रांगेत उभं राहायचं. बाई प्रत्येकाला तीन कार्डं देई. ती घेऊन रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरायचं आणि एकेक नंबर फिरवायचा. फोनवर सगळे गोड बोलत. "या ना, बघून जा." दार उघडलं की गोडवा जाई. खोली गेलेली असे, नाहीतर कुणाची तरी मावशी राहायला येणार असे. त्या एका महिन्यात त्या गावात इतक्या मावश्या यायच्या होत्या, की खऱ्याच आल्या असत्या तर त्यांचीही राहायची पंचाईत झाली असती.

थोरलीजवळ दिवस थोडे होते. विद्यापीठाने पाहुण्यांच्या इमारतीत तिला तीन आठवड्यांची जागा दिली होती. ती शनिवारी दुपारी बाराला सोडायची होती. पण त्याच्याही आधी शुक्रवार होता. शुक्रवारी बाराच्या आत परक्या नागरिकांच्या कचेरीत एक कागद नेऊन द्यायचा होता. 'ही मुलगी माझ्या घरात राहते' असं लिहिलेलं आणि खाली घरमालकाची सही. सही नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर परतीचं विमान. कचेरीतल्या माणसाने हे तिला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा सावकाश आणि मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं.

आणि परत जाणं एकट्या तिच्यापुरतं नव्हतं. घरी धाकटी होती. थोरलीचं जायचं ठरलं तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "जाते आहे तर जाऊ दे. पण हिचं काय होतं ते आधी कळू दे, मग धाकटीला पुढे शिकवायचं की उजवायचं ते ठरवा." वडील छापखान्यात जुळारी होते, आयुष्यभर शिशाची उलटी अक्षरं लावत आलेले. ते काहीच बोलले नाहीत. आत्याला होकार द्यायची त्यांची तीच पद्धत होती. मग धाकटीने तिला स्वयंपाकघराच्या दाराआड गाठलं आणि विचारलं, "ताई, टिकशील ना गं?"

तेव्हा टिकायचं म्हणजे थंडीत आणि अभ्यासात, असंच दोघींना वाटलं होतं. राहायला जागाच मिळणार नाही हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मंगळवारी खिडकीवरच्या बाईने दिलेल्या कार्डांपैकी दोन नेहमीसारखी निघाली. त्यातल्या दुसऱ्या दारात तर थोरलीने धीर करून विचारलं होतं, "पण आत्ता अर्ध्या तासापूर्वी तुम्ही फोनवर हो म्हणालात. मग काय झालं?" दारातल्या गृहस्थाने सावकाश दार लावून घेतलं आणि आतून साखळी अडकवल्याचा आवाज आला. थोरली कितीतरी वेळ त्या दाराच्या रंगाकडे बघत उभी राहिली. आपण पुन्हा विचारायला नको होतं, असं तिला वाटलं. कानाला खडा लावून ती तिसऱ्या पत्त्यावर गेली.

तिसरं घर शिंपिणीचं होतं. खाली रस्त्याकडच्या खोलीत दुकान, वर राहायची जागा. शिंपीण साठीची, हाडापेराने मोठी, गळ्यात मोजपट्टी, आणि ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या. त्या न काढताच ती बोले, आणि एकही पडत नसे.

"फोन केला होता ती तूच?"

"हो."

"सामान किती?"

"एक ट्रंक."

"गाणं म्हणतेस?"

"नाही."

"बरं झालं. आधीची म्हणायची. फार वाईट म्हणायची. चल वर."

खोली लहान होती. एक पलंग, एक टेबल, मागच्या अंगणावर उघडणारी खिडकी. थोरलीने सवयीने भिंतीवर तळहात टेकवला. कोरडी. कोपऱ्यात वाकून पाहिलं. स्वच्छ. शिंपीण कमरेवर हात ठेवून तिची ही तपासणी बघत होती.

"काय शोधतेस? उंदीर?"

"बुरशी. मी बुरशीच शिकते."

"माझ्या घरात ती शिकायला मिळणार नाही," शिंपीण म्हणाली, आणि टाचण्यांमधून हसली.

तीन आठवड्यांत तिथलं कुणी थोरलीकडे बघून हसलं नव्हतं. आता ही हो म्हणणार, असं वाटून तिने कागद काढायला पिशवीत हातसुद्धा घातला. तेवढ्यात खाली दुकानाची घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं होतं. शिंपीण जिना उतरत उतरत मागे वळून म्हणाली, "बरं तर मग, बघू."

ती हे तिच्या भाषेत म्हणाली, पण त्या शब्दांचं सरळ मराठी तेच होतं. बघू.

आता थोरलीच्या घरात 'नाही' हा शब्द कुणी उच्चारतच नसे. सहलीला जाऊ का विचारलं, की वडील म्हणत, बघू. नवी वही मागितली, बघू. स्थळाकडून माणसं येऊन चहा पिऊन उठली आणि दारात चपला घालताना 'बघू, कळवतो' म्हणाली, की आई आत येऊन कप विसळायला घेई. पुन्हा कुणी विषय काढत नसे. बघू म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणायला लावणं, आणि एवढा निर्लज्जपणा त्यांच्यात कुणी कधी केला नव्हता. शिवाय सकाळचं ते साखळीचं दार अजून ताजं होतं.

थोरलीने पिशवीतला हात तसाच बाहेर काढला. जिना उतरली. शिंपीण एका बाईच्या कोटाचं अस्तर उसवत होती. थोरलीने दारातून मान लववली आणि लहानपणापासून ज्या ज्या घरातून ती बाहेर पडली तिथे जे म्हणत आली होती, तेच त्या परक्या भाषेत म्हणाली.

"मी येते हं."

"छान," शिंपीण म्हणाली.

कोपऱ्यावर वळेपर्यंत थोरलीने डोळ्यांतलं पाणी खाली पडू दिलं नाही.

बुधवारी सकाळी खिडकीपाशी तिने डब्यात डोकावून पाहिलं. शिंपिणीचं कार्ड नव्हतं. गेली खोली, तिने मनाशी म्हटलं. खात्रीच पटली. त्या दिवशीच्या तीन कार्डांपैकी एका ठिकाणी खोलीत आधीच दोघी राहत होत्या आणि तिसरीने जमिनीवर झोपायचं होतं. त्यालाही ती तयार झाली, पण सहीच्या कागदाचं नाव काढताच मालकीण म्हणाली, "सही-बिही नाही हं. दोघीच राहतात असं मी सांगितलंय." दुसऱ्या ठिकाणी मालक विधुर होता, आणि तो तिला खोली दाखवताना दार लावून घ्यायला लागला तशी ती जिन्याच्या चार-चार पायऱ्या उतरून पळाली. तिसऱ्या ठिकाणी मावशी येणार होती.

विद्यापीठात परतल्यावर ती स्वच्छतागृहात गेली, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडली. बाहेर दोन मुली हात धुवायला थांबल्या होत्या. त्यांना वाटलं, आत कुणी कपडे धुतंय.

गुरुवारी सकाळी तिचा नंबर आला, तेव्हा खिडकीवरच्या बाईने डब्याला हातच लावला नाही. तिने वेगळ्या गठ्ठ्यातून थोरलीच्या नावाचं कार्ड काढलं. त्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती.

"तुम्हाला आता कार्डं देता येणार नाहीत."

"का?"

"तुम्ही घरमालकिणीला शब्द दिलात आणि राहायला गेला नाहीत. तिने काल फोन करून सांगितलं. खोली अडवून ठेवायची आणि जायचं नाही, अशांना आम्ही या महिन्यात पुन्हा कार्ड देत नाही. नियम आहे."

"कुणाला शब्द दिला?"

"शिंपीणबाईंना. मंगळवारी. तुम्ही येते म्हणालात. त्यांनी कार्ड काढून घेतलं, आलेल्या दोघींना परत पाठवलं, संध्याकाळभर वाट पाहिली."

"पण त्याच नाही म्हणाल्या!"

"नाही म्हणाल्या?" बाईने चष्मा वर केला. "नेमकं काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या... बघू."

मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं.

"मग?" बाई म्हणाली.

"म्हणजे नाहीच ना."

"बघू म्हणजे बघू," बाई म्हणाली, जरा दया येऊन. "पुढचा कोण आहे?"

थोरली रांगेतून बाजूला झाली. आपण येते म्हणालोच नाही, असं ती मनात घोकत राहिली. त्या शिंपिणीने खोटं का सांगावं? हसून बोलणारी बाई! दुपारी काय करावं ते सुचेना, तेव्हा ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वैनीकडे गेली. तिचा एक चुलतभाऊ आणि ही वैनी दोन वर्षांपासून तिथे एका खोलीत राहत होते. तिथे राहायची सोय नव्हती. त्यांचा मालक खालच्या मजल्यावर राहून जिन्यातले जोडे मोजत असे. भावाचा एक मित्र चार दिवस राहिला तर पाचव्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली होती. आणि भाडेकरूची सही कचेरीत चालत नसे, हेही विचारून झालं होतं.

वैनीने दार उघडलं आणि तिचा चेहरा पाहूनच चहा टाकला.

"या वन्सं. आज काय, पुन्हा मावशी?"

थोरलीने सगळं सांगितलं. वैनी उकिडवी बसून ऐकत होती.

"बघू म्हणाली? असंच? बघू?"

"असंच."

"मग संपलंच की. नाहीच म्हणाली ती. आणि वर फोन करून चुगली? काय बाई एकेक माणसं!"

दोघींनी मिळून शिंपिणीला यथेच्छ नावं ठेवली. त्याने काही साधलं नाही. चहा गार झाला. वैनी हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू का विमानाचं बघायला?" आणि मग स्वतःच जीभ चावली.

"सांगा," थोरली म्हणाली. "काहीच जमलं नाही तर उद्या दुपारनंतर तेच." तिने कोट चढवला, बुटांत पाय घातले. ती दाराकडे वळली. "जाते मी वैनी."

वैनी ताडकन उभी राहिली. "जाते काय जाते? अभद्र बोलतेस ते! येते म्हण!"

"येते," थोरली यंत्रासारखी म्हणाली.

"हां. ये."

थोरली चार पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून थांबली. मग परत वर आली. वैनी अजून दारातच होती.

"वैनी, मी म्हणाले होते."

"काय?"

"येते म्हणाले होते तिला. निघताना. त्यांच्या भाषेत."

वैनीने तोंडावर हात घेतला. पुढचं दोघींना एकदमच समजलं, आणि दोघींनाही हसू आलं नाही. "अगं बाई," वैनी म्हणाली, "म्हणजे ती बिचारी खरंच..." आणि मग तिने थोरलीला जिन्याकडे ढकललंच. "पळ! उभी काय राहिलीस!"

शिंपिणीच्या दुकानापर्यंत बसने पाऊण तास लागे. त्या पाऊण तासात थोरलीने ते सगळं सांगायचं कसं, याची त्या भाषेत वाक्यं जुळवली. जुळवलेली प्रत्येक ओळ पुढच्या थांब्यापर्यंत विस्कटून जाई.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. शिंपीण काज करत होती. तिने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

"आता आलीस?"

"मला सांगायचंय..."

"धुतलेली चादर घातली. शेगडी पेटवली. दोन मुली आल्या होत्या, चांगल्या होत्या, त्यांना दारातून परत पाठवलं. म्हटलं, एक येते म्हणून गेलीय. सगळी संध्याकाळ खालचं दार उघडं ठेवलं, मला वाटलं ट्रंक जड असेल, उशीर होत असेल." सुई थांबली. "लोकांना नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण येते म्हणून न येणं! अशी माणसं मला खपत नाहीत."

"आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत," थोरली म्हणाली. बसमध्ये जुळवलेल्या सगळ्या वाक्यांतलं तेवढंच उरलं होतं.

"का?"

"गेला म्हणजे... मेला. मेलेल्या माणसाला गेला म्हणतात. म्हणून दारातून बाहेर पडताना येते म्हणायचं. कुठूनही."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. टाचण्या काढून बोलताना तिला कुणी क्वचितच पाहिलं असेल.

"दुकानातून निघतानाही?"

"हो."

"दात काढणाऱ्या डॉक्टरलाही येते म्हणता?"

"त्यालाही."

"आणि मग येता?"

थोरलीला खोटं सांगणं सोपं होतं. पण ते तिला जमलं नाही. "ते ठरलेलं नसतं," ती म्हणाली.

"म्हणजे मंगळवारी तू येणार नव्हतीस."

"नव्हते."

"खोली आवडली नाही?"

"आवडली. फार आवडली."

"मग?"

"तुम्ही बघू म्हणालात."

"अगं मग बघायला नको? तू सकाळी किती वाजता उठतेस, दार आपटतेस की काय, आपलं जमतं की नाही, हे राहिल्यावरच बघणार ना माणूस!"

थोरलीकडे बघता बघता शिंपिणीचा राग ओसरला, आणि त्या जागी जे आलं ते थोरलीला रागाहून वाईट वाटलं. "खोली गेली," शिंपीण म्हणाली. "आज सकाळीच. पोस्टातली मुलगी आहे. तिचं सामान वर लागलंसुद्धा. मला तुझं पटलं. पण आता काय उपयोग त्याचा."

वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी टेबल खिडकीजवळ ओढत होतं.

आता मान लववून बाहेर पडायचं होतं. थोरलीला ते ठाऊक होतं. समोरच्याने एवढं स्पष्ट सांगितल्यावर तिच्या घरातलं कुणीही क्षणभर थांबलं नसतं. पण ती हलली नाही. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, पिशवीतून तो सहीचा कागद काढला आणि कापड बेतायच्या टेबलावर, खडूच्या रेघांवर ठेवला.

"मी इथून जाणार नाही," ती म्हणाली. तिची तिलाच भीती वाटली.

"काय?"

"उद्या बारा वाजेपर्यंत सही नाही मिळाली तर मला परत पाठवतील. मग माझ्या बहिणीचं शिक्षण थांबेल. मला त्या बाईकडून आता एकही कार्ड मिळणार नाही, कारण तुम्ही फोन केलात. चूक माझी आहे. पण मला दुसरीकडे जायला जागा नाही. मी पायऱ्यांखाली राहीन. या टेबलाखाली राहीन. तुम्ही नाही म्हणा. दहा वेळा म्हणा. मी विचारत राहीन."

व्याकरण पार मोडून पडलं होतं. नाक वाहत होतं. टेबलावरच्या एका चिंधीने तिने ते पुसलं आणि मग कळलं की ती चिंधी नव्हती, कुणाच्या तरी ब्लाउजची कॉलर होती.

शिंपिणीने ती कॉलर तिच्या हातातून घेतली, उजेडात धरून पाहिली आणि बाजूच्या टोपलीत टाकली. मग चष्मा लावून कागद वाचायला घेतला. तिने तो दोनदा वाचला, बोट धरून, कापडातला दोष शोधावा तसा.

"यात खोलीची लांबी-रुंदी विचारलीय," ती म्हणाली. "आणि खिडक्या किती."

शिंपीण उठली. दुकानाच्या मागच्या बाजूला एक जाड पडदा होता. तिने तो सरकवला. आत गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची जागा होती. तीन बाजूंना आरसे, एक खुंटी, एक पायपुसणं. तिने गळ्यातली मोजपट्टी काढली, एक टोक थोरलीच्या हातात दिलं. "धर त्या भिंतीला." लांबी मोजली. मग रुंदी. घडीची खाट बसेल, एक वीत उरेल. तिने आकडे कागदावर लिहिले. खिडक्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि ते जरा उघडंबोडकं वाटलं म्हणून दोनदा गिरवलं.

"सकाळी नऊ ते सहा दुकान असतं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तेवढा वेळ इथे गिऱ्हाईक येणार. खाट घडी करून माझ्या स्वयंपाकघरात. ट्रंक टेबलाखाली. रविवार तुझा. हिवाळा संपेपर्यंत. मग दुसरीकडे बघायचं."

"हो."

"आणि हे 'हो' म्हणजे होच ना? की त्याचंही तुमच्यात काही वेगळं असतं?"

"होच," थोरली म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिला हुंदका फुटला.

"रडायचं तर कापडापासून लांब," शिंपीण म्हणाली, आणि सही केली.

शुक्रवारी अकराला थोरली कचेरीत होती. तिथला माणूस कागदावरून बोट फिरवत खिडक्यांच्या रकान्यापाशी थांबला. "शून्य?"

"शून्य."

"दार तरी आहे?"

"पडदा आहे."

त्याने कागद उलटून पाहिला. दाराचा रकाना त्यावर कुठेच नव्हता. थोडा वेळ त्याने त्या न छापलेल्या रकान्याची वाट पाहिली असावी. मग शिक्का मारला.

शनिवारी बाराच्या आधी तिने पाहुण्यांची खोली सोडली आणि ट्रंक ओढत दोन बस बदलून दुकानाशी पोचली. थंडी मी म्हणत होती. शिंपिणीने काचेतून हात वर केला आणि आतल्या पडद्याकडे बोट दाखवलं. गिऱ्हाईक होतं. ट्रंक आत घ्यायलाही जागा नव्हती, कारण त्या बाईबरोबर तिच्या दोन जावा आल्या होत्या आणि तिघीही स्कर्टच्या लांबीवर बोलत होत्या.

थोरली ट्रंकेवर बसून राहिली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बोटं बधिर झाली. आतून आवाज येत होते. गुडघ्याखाली दोन बोटं, नाही, तीन बोटं, नको, दोनच. पडदा जरासा हले, आणि आता बाहेर येईल असं वाटावं, तोच ती बाई पुन्हा वळून आरशात पाही. घोट्यापर्यंत मोजे घातलेले तिचे जाड पाय पडद्याखालून दिसत होते, बरोबर जिथे खाटेचं डोकं यायचं तिथे रोवलेले.

जावांपैकी एक बाहेर हवा खायला आली आणि थोरलीला म्हणाली, "तुम्हालाही घालून बघायचंय का? हिला अजून वेळ लागेल हो."

"लागू दे," थोरली म्हणाली. पण मनातून ती भयंकर चिडली होती. किती वेळ लावायचा एखाद्या बाईने! दुसऱ्याच्या घरात उभं राहताना काही विचार करावा की नाही?